कॅम्परसाठी पिकअप घेताय? आधी वजनकाट्यावर चला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पिकअपच्या हौद्यावर बसवायच्या कॅम्परवर लेख आला होता. फोटो सुंदर होते. समुद्रकिनारी उभी गाडी, मागच्या दारातून दिसणारा बिछाना, गॅसवर चहाचं भांडं. इंजिन किती अश्वशक्तीचं, टचस्क्रीन केवढा, रंग कोणते, हे सगळं त्यात होतं. कॅम्परचं वजन किती आणि ते उचलायला कुठली पिकअप लागते, यावर मात्र एक ओळही नव्हती. पिकअप निवडताना पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो राहिला म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी वजनमाप खात्यात निरीक्षक होते. नोकरीचा मोठा काळ ठाणे-भिवंडी-कल्याण पट्ट्यातले वजनकाटे तपासण्यात गेला. काट्यावर चढलेली गाडी आणि तिच्या कागदावरचा आकडा यांत किती अंतर असतं, ते मी रोज पाहिलं आहे. तेव्हा ती अंतरं वाळूची, सळईची, कांद्याची असायची. आता ती सहलीला निघालेल्या कुटुंबांची होऊ लागली आहेत, आणि त्या गाड्यांत मुलं बसलेली असतात.

आधी वस्तू कुठली ते सांगते, कारण तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. व्हॅनच्या आतच घर केलेलं असतं ती एक. गाडीच्या मागे ओढायची चाकांची खोली ही दुसरी. मी बोलते आहे ती तिसरी: पिकअपच्या हौद्यात बसवायची आणि काम झालं की चार पायांवर उभी करून गाडी खालून काढून घ्यायची अशी सुटी खोली. मुंबईत राहणाऱ्याला हीच सोयीची वाटते, कारण आठवडाभर गाडी कामाला मोकळी राहते. खोली ठेवायला जागा मात्र हवी. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ती ठेवायचा विचारही करता येत नाही. स्टिल्टखाली साधी उंच गाडी टपाला घासते, तिथे ही गाडीवर चढली की पावणेतीन मीटरच्या घरात जाते.

माझ्या भाच्याने असा कॅम्पर जुना घेतला. सासुरवाडी मुरबाडजवळ आहे, तिथल्या अंगणात तो उभा केला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "साडेतीनशे किलो, कुठलीही पिकअप उचलेल." भाच्याचा डोळा चार दारांच्या, फोर-व्हील-ड्राइव्ह, उंच देखण्या पिकअपवर होता. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, ही गाडी काहीही ओढते." मी भाच्याला म्हटलं, "ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. बुकिंगचे पैसे आठ दिवस थांबव, आधी खोली तोलू."

कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या एका काट्यावर आम्ही गेलो. टेम्पो भाड्याने घेतला, आधी रिकामा तोलला, मग कॅम्पर चढवून पुन्हा. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. दोन्ही वेळा चालक खाली उतरलेला हवा, आणि मधे डिझेल भरायचं नाही. नाहीतर माणसाचं आणि इंधनाचं वजन खोलीच्या नावावर पडतं. काटेवाल्याच्या खोलीत पडताळणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, तेही पाहा. वजनकाट्याची फेरपडताळणी दर वर्षी व्हावी लागते. काट्यावरच्या मोहरेत वर्षाचे आकडे आणि तिमाहीचं अक्षर असतं. मोठ्या काट्याचं विभाजन बहुधा दहा किलोंचं असतं, म्हणजे आकडा दहा-दहा किलोंनीच बदलतो, म्हणून पाच-सात किलोंच्या फरकावर वाद घालू नये.

रिकामी खोली भरली ४८० किलो. साडेतीनशे हा आकडा आला कुठून, याचा मी शोध घेतला. ज्याने ती मुळात बांधली त्याने भिंतींच्या पॅनेलचं वजन जोडून सांगितलं होतं. खिडक्या, दार, बिजागऱ्या, प्लायवूडची कपाटं, तळाची चौकट आणि ते चार लोखंडी पाय त्यात धरलेच नव्हते. पाय एकटेच साठ किलोंचे. परदेशातही हीच तऱ्हा असते. माहितीपत्रकात छापतात ते कोरडं वजन, म्हणजे पाणी, गॅस, बॅटरी आणि बहुतेकदा जादा सोयी सोडून. गाडीला मात्र ओलं वजन वाहावं लागतं.

मग आम्ही खोली सहलीला निघाल्यासारखी भरली. पाण्याची टाकी ८० लिटरची, म्हणजे ८० किलो. एक लिटर पाणी एक किलो, यात सवलत नाही. घरातल्या इन्व्हर्टरला लावतात तशी ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून ७०. छोटा गॅस सिलिंडर आणि शेगडी २०. बारा व्होल्टचा फ्रिज २०. गाद्या-पांघरुणं २५. भांडी, शिधा, कपडे ३५. ओढून उघडायचं छत आणि खुर्च्या ३०. खोली हौद्याला बांधायची साखळी आणि कड्या १०. एकूण ७७०. त्यात भाचा, सूनबाई आणि नात मिळून १६५ किलो धरा. म्हणजे गाडीने पाठीवर घ्यायचे ९३५ किलो.

भाचा पावती हातात घेऊन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, आता गाडीच बदलावी लागणार." मी म्हटलं, "गाडी तरी बदल, नाहीतर खोली तरी. दोन्हींपैकी एक नक्की."

हा आकडा हातात असला की पिकअप निवडणं सोपं होतं. गाडीचं एकूण भारित वजन, म्हणजे भरलेल्या गाडीला कागदावर मान्य असलेलं जास्तीत जास्त वजन, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरते ती भारक्षमता. माणसं, सामान, पुढे लावलेला लोखंडी गार्ड, जाड टायर, वरची ट्रे, सगळं याच आकड्यातून जातं. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस या गाड्या दमदार आहेत, हायलक्सचं डिझेल इंजिन २०४ अश्वशक्तीचं आहे. पण आपल्याकडे त्या कुटुंबाच्या गाड्या म्हणून विकल्या जातात. त्यांचा हौदा जेमतेम पाच फुटांचा आणि कागदावरची भारक्षमता टनाच्या जवळपासही जात नाही. ऑस्ट्रेलियात हायलक्स एक टनाची गाडी म्हणून ओळखली जाते, तिथले व्हिडिओ पाहून इथली गाडी घेऊ नका. तुमच्या गाडीच्या कागदावर जे छापलं आहे तेच तुमचं.

दुसरीकडे आपल्या रस्त्यावर रोज दूध, भाजी आणि सिमेंट वाहणाऱ्या गाड्या पाहा. महिंद्रा बोलेरो पिकअपचे प्रकार १.३ ते १.७ टनांचे आहेत. बोलेरो मॅक्स पिकअप २ टनांपर्यंत जाते, तिचा लांबात लांब हौदा दहा फुटांचा आहे. टाटा योद्धा २.० दोन टनांची आहे. भाच्याची ७७० किलोंची खोली यांतली कुठलीही गाडी हसत उचलेल. पण त्या एका केबिनच्या गाड्या. चालकाशेजारी एक, फार तर दोन माणसं. चालत्या गाडीत मागच्या खोलीत कुणी बसायचं नाही, मग तिथे कितीही मऊ गादी असो. तिथे पट्टा नाही, आणि मालाच्या हौद्यात माणूस बसवणं कायद्यालाही मान्य नाही. नवरा-बायको दोघंच फिरणार असतील, तर माझ्या मते अशी साधी मालवाहू पिकअप हीच सर्वांत शहाणी निवड आहे. दिसायला रांगडी असेल, पण तिचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), ॲक्सल आणि ब्रेक रोज भार वाहण्यासाठी बनवलेले असतात, आणि तिचा मेकॅनिक मुरबाडलाही मिळतो, जव्हारलाही.

इथे त्या पाट्यांबद्दल लिहिलंच पाहिजे. कुर्ल्यापासून भिवंडीपर्यंत कुठल्याही गॅरेजात विचारा, उत्तर ठरलेलं: "दोन पाटे वाढवू, मग बिनधास्त भरा." पाटे वाढवले की गाडीची पाठ वर उचललेली दिसते आणि मालक निश्चिंत होतो. गाडीची क्षमता त्याने एका किलोनेही वाढत नाही. ब्रेक तेच, बेअरिंग तेच, चासी तीच, टायर तेच. टायरवरचा भारांकही वाचा: ११२ असेल तर तो टायर ११२० किलोंपर्यंतचा. आरसीवरचं भारित वजनही तेच राहतं, आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच वाचते. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वीस हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. दंड भरून सुटता येतं, माळशेजच्या उतारावर तापून सुटलेल्या ब्रेकमधून सुटता येत नाही. जुने चालक सांगतात की गाडी ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवावी. भार मर्यादेत असला तरच हा सल्ला कामी येतो.

एकूण वजन मर्यादेत आलं म्हणजे काम झालं, असंही नाही. वजन कुठे बसतं हे तितकंच महत्त्वाचं. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये सुमारे तीन मीटर अंतर असतं. समजा सहाशे किलोंची खोली आहे आणि तिचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्याही तीस सेंटिमीटर मागे पडला. मग मागच्या ॲक्सलवर सहाशे नाही, सहाशे साठ किलो येतात, आणि पुढचा ॲक्सल साठ किलोंनी हलका होतो. बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखा हा हिशेब आहे. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हातात सैल लागतं आणि पावसात ब्रेक मारला की गाडी हवी तिथे थांबत नाही. पाच फुटांच्या हौद्यावर आठ फुटांची खोली ठेवणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. मागे लोंबणाऱ्या भागाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतही मर्यादा आहे, दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या साठ टक्के. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनच्या बाजूला, तळाशी हव्यात, आणि दोन्ही एकाच अंगाला नकोत.

हे तपासणं कठीण नाही. काट्यावर तीन वजनं मागा. पूर्ण गाडी चढवून एक, फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून दुसरं, फक्त मागची ठेवून तिसरं. काट्याच्या आधीचा आणि नंतरचा रस्ता काट्याच्या पातळीत असलेला काटा निवडा, नाहीतर ॲक्सलची वजनं फसवी येतात. पुढच्या आणि मागच्या वजनाची बेरीज पूर्ण वजनाशी जुळली तर पावती विश्वासाची. काटेवाला थोडा कुरकुरेल, त्याला एका गाडीची एकच पावती फाडायची सवय असते. जास्तीचे पैसे द्या, पण तिन्ही पावत्या घ्या.

अमेरिकेत या प्रकारच्या कॅम्परसाठी स्वतंत्र केंद्रीय नियमच आहे. कॅम्पर बनवणाऱ्याने त्याचं वजन आणि गुरुत्वमध्याची जागा सांगायची, आणि ट्रक बनवणाऱ्याने गुरुत्वमध्य हौद्याच्या कुठल्या पट्ट्यात यायला हवा ते सांगायचं. चालकाचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनापुढे जाऊ नका. तिथे फोर्ड एफ-३५० सारखे प्रचंड ट्रक मिळतात, जड कॅम्परसाठी मागे चार चाकांचे प्रकारही असतात, आणि तरीही लोक तो स्टिकर वाचून कॅम्पर निवडतात. आपल्याकडे गाड्या लहान, घाट तीव्र आणि पाऊस चार महिने. आपल्याला तो स्टिकर जास्त गरजेचा आहे.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगते. नात सोबत असणार म्हणजे मागची सीट हवीच, तेव्हा एका केबिनची गाडी बाद. देखणी चार दारांची गाडी भाराच्या हिशेबात बाद. उरली ती दोन केबिनची मालवाहू पिकअप, साधारण एक टनाच्या क्षमतेची, म्हणजे बोलेरो कॅम्परसारखी (नावात कॅम्पर असलं तरी ती पिकअपच). एक टनात ९३५ बसतात खरे, पण मी त्याला ते करू दिलं नाही. काठोकाठ भरलेल्या गाडीवर एक ओली ताडपत्री आणि वाटेत घेतलेलं आंब्यांचं खोकं चढलं की मर्यादा संपली. म्हणून खोली हलकी केली. लोखंडी पाय सुटे करून मुरबाडच्या अंगणातच ठेवायचे ठरले, साठ किलो तिथेच गेले. ट्युब्युलर बॅटरीच्या जागी लिथियम आली, चाळीस कमी. मोठी टाकी काढून वीस लिटरचे दोन कॅन, आणखी चाळीस. प्लायवूडची कपाटं उखडून ॲल्युमिनियमच्या चौकटीवर कापडी कप्पे लावले, त्यात सत्तर गेले. सूनबाईंना कपाटांचं वाईट वाटलं, पण कप्पे त्यांनीच शिवले आणि ते कपाटांपेक्षा जास्त कामाचे निघाले. ओढायच्या छताऐवजी ताडपत्री आणि दोन बांबू. खोली साडेपाचशेच्या आत आली, माणसं धरून सातशेच्या आसपास. मागचा लोंबणारा भागही कापून हौद्याच्या फाळक्यापर्यंत आणण्याचं काम आता भिवंडीच्या बॉडीवाल्याकडे चालू आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. पांढरी पाटी मिळेल की पिवळी, हे बुकिंगआधी आरटीओत विचारा, शोरूममध्ये नाही. फिटनेस, कर आणि टोल यांत त्याने फरक पडतो. परवान्याची चिंता मिटली आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात टनांच्या आतलं वाहतूक वाहनही चालवता येतं. मात्र खोली चासीला वेल्डिंग करून कायमची जोडू नका. गाडीत परवानगीविना बदल केला तर कलम ५२ चा भंग होतो आणि कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता मागणी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलं केलं. त्याच धोरणाच्या पुढच्या पायरीत परिवहन विभागाने सुट्या कॅम्परसाठी एक स्वच्छ परिपत्रक काढावं: खोलीवर पक्कं वजन आणि गुरुत्वमध्य कोरलेली पट्टी असावी, आणि पिकअपच्या दाराच्या चौकटीवर भारक्षमता मराठीत लिहिलेली असावी. खोल्या बांधणारे कारागीर हुशार आहेत, त्यांना काट्याची पावती ग्राहकाच्या हातात देणं जड नाही. आटा चक्कीवाल्याच्या काट्यावर आम्ही मोहोर बघत असू, तिथे दोन-दोन लाखांच्या खोल्या तोंडी वजनावर विकल्या जाव्यात हे मला पटत नाही.

आणि आपल्याकडे एक विनंती. यापुढे पिकअपवर किंवा कॅम्परवर लेख छापाल तेव्हा किमतीच्या शेजारी तीन आकडे द्यावेत: एकूण भारित वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि हौद्याची आतली लांबी. कंपन्यांच्या माहितीपत्रकात ते असतात, वार्ताहराने मागितले तर मिळतात. मागच्या रविवारच्या लेखातल्या तीन गाड्यांचे हे आकडे येत्या अंकात छापलेत, तर ज्यांनी तो लेख वाचून अजून बुकिंग केलेलं नाही त्यांना ते वेळेत मिळतील.

आपली,
एक निवृत्त वजनमाप निरीक्षक,
मुलुंड (पूर्व), मुंबई